मागं घेतलेला वजीर

कराड,
६ ऑक्टोबर २०२५

सुभेदारसाहेब, पाव्हणं, रामराम.

तुमचं कार्ड मिळालं. खेळी बारीक अक्षरात आणि खालची ओळ ठसठशीत : 'जोतीरामराव, तुम्ही मुद्दाम हरता. पोरीचा बाप म्हणून हरता. खरं खेळायचं नसेल तर पुढचं कार्ड टाकू नका.'

आमच्या मंडळींनी, मंगलनं, चष्मा लावून ती ओळ वाचली आणि म्हणाली, "सापडली का चोरी?"

सापडली, साहेब. मे महिन्यात आपल्या पोरांचं लग्न झालं, तेव्हापासून तीन डाव टपालानं खेळलो आणि तिन्ही थोडक्याच खेळ्यांत हरलो. फोनला हात लावायचा नाही, फोनमधलं यंत्र सगळ्या खेळ्या आयत्या सांगतं, ही तुमची अट मी पाळली. पण हरायला यंत्र कशाला लागतंय? मागल्या डावात मी माझा हत्ती तुमच्या उंटाच्या तोंडात नेऊन ठेवला, तेव्हाच तुम्हाला वास आला असणार.

तर आता खरं खेळतो. तुमच्या घोड्यानं माझं प्यादं खाल्लं आणि तो पटाच्या मध्यावर येऊन बसला. बसू दे. माझा पुढं आलेला घोडा तुमच्या राजाशेजारच्या उंटापुढचं प्यादं मारतो. तिथून त्याचा एक डोळा तुमच्या वजिरावर, दुसरा हत्तीवर. राजानं त्याला खाल्ल्याशिवाय सुटका नाही. राजानं खाल्लं असं धरून पुढची खेळीही आत्ताच लिहितो, म्हणजे एक टपाल वाचेल : माझा वजीर घरातून निघून राजासमोरच्या मोकळ्या पट्टीत उभा. शह! आणि त्याच वजिराची नजर तुमच्या मधल्या घोड्यावरही आहे.

हा हल्ला मला इथल्या मालधक्क्यावरच्या एका मास्तरांनी शिकवला. मी तेव्हा सायकलच्या कॅरिअरला विहिरीवरच्या जळक्या मोटारी दुरुस्तीला बांधून गावोगाव फिरायचो. परदेशात या हल्ल्याला 'तळलेली कलेजी' म्हणतात म्हणे. घोडा बळी द्यायचा आणि राजाला ओढून भर पटावर आणायचं.

दुसरं, दिवाळसणाचं. पोरांची पहिली दिवाळी आहे. जावईबापूंना पाडव्याच्या आदल्या दिवशीच पाठवा. मंगलनं अनारशाचं पीठ आंबवायला घातलंय.

आणि एक विचारू का? काल पोरीशी, शिवांजलीशी, फोनवर बोलत होतो, तेव्हा मागं तुमच्या जिन्यात कुणीतरी चढत होतं. थोडं चढायचं, थांबायचं, श्वास ओढायचा. लोक मला विहिरीवरून फोन करतात, फोन मोटारीजवळ धरतात आणि मी दुकानात बसून सांगतो की बेअरिंग गेलंय. त्यामुळं कानाला खोड लागलीय. घरात कोण आजारी नाही ना?

आपला,
जोतीराम

*

पलूस,
११ ऑक्टोबर २०२५

जोतीरामराव, रामराम.

राजानं घोडा खाल्ला. तुमच्या वजिराचा शह मिळाला. राजा मागं पळाला असता, पण मधला घोडा एकटा पडला असता. आपला माणूस टाकून मागं फिरायची आम्हाला सवय नाही. राजा एक घर पुढं, घोड्याला खेटून. बघू तुमची कलेजी.

जिन्यातला आवाज आमच्या मंडळींचा, रंगुबाईंचा. गुडघे.

दिवाळसणाला पोरं येणार नाहीत. या वर्षी जमणार नाही. कारण विचारू नये. विहीणबाईंना सांगावं, अनारसे करू नयेत.

पुढची खेळी पाठवा. ढिलाई नको.

नानासो

*

कराड,
१५ ऑक्टोबर २०२५

सुभेदारसाहेबांना जोतीरामचा साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र दुकानात उघडलं आणि तिथंच स्टुलावर बसलो. गिऱ्हाईक म्हणालं, "आवं शेठ, मोटार सुरू करून बघा की." मी सुरू केली, पण मला काही ऐकू आलं नाही. असं कधी होत नाही.

घरी आल्यावर मंगलनं विचारलं, "काय लिवलंवतं तुमी त्यास्नी?"

"खेळी."

"फकस्त खेळी? का पुढं आणि शानपना?"

"कलेजीचं लिवलं."

"घ्या! इवायाला कोन कलेजी लिवतंय? आणि शह दिला व्हय? आवं, पोरीचा बाप जिंकत नसतोय. येवढं साधं कळंना तुमाला?"

साहेब, ती खरं बोलली. आमच्याकडं पोरीचं लग्न ठरलं की बापानं आवाज आधी खाली आणायचा, मग मान. मांडवात तुमचे चुलतभाऊ फेट्याच्या रंगावरून रुसले तेव्हा मी हात जोडून उभा होतो आणि मला त्यात काही कमीपणा वाटला नाही. ती रीत आहे. तुम्ही मोठ्या मनानं 'खरं खेळा' म्हणालात आणि मी शहाणा खरंच खेळायला लागलो. भाऊबंदांसमोर कार्ड वाचलं गेलं असेल. कुणी हसलं असेल. चूक माझी आहे. तिचा राग पोरीवर निघू नये एवढंच मागणं आहे.

काल तिच्याशी बोललो. "बरी हाय बाबा," म्हणाली. पण आवाज भांड्यात झाकून ठेवल्यासारखा. ती लहानपणी ताप लपवायची तेव्हा असाच आवाज यायचा. "दिवाळीला का न्हाई गं?" म्हटलं तर गप्प. गप्प म्हणजे बोलणं संपलेलं गप्प नाही, शेजारी कुणीतरी उभं असलेलं गप्प.

डावाचं लिहितो. नीट विचार केला तर माझा हल्ला उतावळा होता. म्हणून वजीर मागं घेतो. जिथून निघाला त्याच्या स्वतःच्या घरात. शह नाही, काही नाही. पेटीत पडलेलं कार्ड परत मागायचं नाही हा तुमचाच नियम, तेव्हा हे पक्कं समजा. एक घोडा तुम्ही वर आहात. डाव तुमचाच.

विहीणबाईंच्या गुडघ्यांना आराम पडो. आणि साहेब, पदरात घ्या.

आपला नम्र,
जोतीराम

*

कराड,
२३ ऑक्टोबर २०२५

सुभेदारसाहेब,

उत्तराची वाट न बघता लिहितोय, माफ करा.

सोमवारी शिवांजलीचा फोन आला. "कुठं हायस?" "घरीच की बाबा." आणि तेवढ्यात मागं टिंग वाजलं, लोखंडी दार सरकलं. लिफ्ट, साहेब. लिफ्टची मोटार मला कळत नाही होय? पलूसला तुमच्या घरात लिफ्ट कुठली? त्यामागून एक बाई कुणाचं तरी नाव पुकारून म्हणाली, "नातेवाईक कोण आहेत?" आणि पोरीनं फोन ठेवला.

मंगलला मी हे सांगितलं नाही. तिला म्हणालो, गिऱ्हाइकाची मोटार पोचवायची आहे, आणि पाडव्याच्या दिवशी गाडी काढून पलूसला आलो. सणासुदीचं तुमच्या घराला कुलूप. दारात रांगोळी नाही, पणती नाही. शेजारच्या साळूबाई ओसरीवर बसल्या होत्या.

"सगळी सांगलीला गेल्यात, दवाखान्यात."

"कोण आजारी हाय, आज्जी?"

"मला काय ठावं, बाबा. इचारलं तर सांगतंय कोन? लपूनछपूनच चाललंय समदं. सून तेवढी रडत हुती गाडीत बसताना. तोंडाला पदर लावल्याला."

तोंडाला पदर. साहेब, मी तुमच्या उंबऱ्यावर बसलो.

तसाच सांगलीला गेलो. विश्रामबागेतल्या, स्टेशनकडच्या, जितक्या दवाखान्यांच्या खिडक्या सापडल्या तितक्यांवर पोरीचं नाव विचारलं. भाजलेल्यांच्या वॉर्डातसुद्धा विचारलं. कुठंच नाही. एका खिडकीवरची बाई म्हणाली, "काका, तुम्ही आधी पाणी प्या."

जावईबापूंना फोन लावला. "मामा, आबांनी सांगितल्याशिवाय मला काही बोलता येत नाही."

"शिवांजली बरी आहे का, तेवढं सांगा."

"बरी आहे."

पण ते म्हणण्याआधी त्यांनी थुंकी गिळली, ती मी ऐकली. संध्याकाळी पोरीचा मेसेज : 'बाबा मी बरी आहे. तुम्हाला शपथ आहे, शोधू नका.'

कोणत्या बापानं यावर शांत राहावं?

मंगलनं अनारसे केलेत. नको म्हटलं तरी केले. डबा दारामागं ठेवलाय आणि घरात कुणीच त्याला हात लावत नाही. लोक विचारतात, जावई आले न्हाईत व्हय? मी म्हणतो, कारखान्याचा हंगाम आहे, रजा न्हाई. धडधडीत खोटं बोलतो आणि दुकानात शिरतो.

मला डाव नको, मान नको. मी वजीर मागं घेतला, आता म्हणाल तर सगळे मोहरे डब्यात घालून डबा तुमच्या पायाशी ठेवतो. पोरगी कुठं आहे तेवढं एका ओळीत कळवा. तिच्या अंगावर काही खूण असेल तर तीही कळवा, मी कुणाला काही म्हणणार नाही. तिला घेऊन येईन आणि गप्प बसेन.

जोतीराम

*

विश्रामबाग, सांगली,
२७ ऑक्टोबर २०२५

जोतीरामराव,

तुमचा जावई धैर्यशील बुधवारी सकाळी गावाकडं जाऊन टपाल घेऊन आला होता. घरच्यांनी ते मला काल दाखवलं. पंधरा तारखेचं कार्ड वाचलं. वजीर मागं, स्वतःच्या घरात. समजलं.

दसरा झाल्यावर छातीत कळ आली. जिन्यात श्वास ओढत होता तो मीच. तुम्ही बरोबर ऐकलंत आणि मी ते रंगुबाईंच्या गुडघ्यांवर ढकललं. हृदयाच्या नसा तुंबल्यात. छाती उघडायची म्हणतात. तीन नोव्हेंबर तारीख दिलीय.

तुम्हाला कळवायचं नाही, ही ऑर्डर माझी. कारण ऐका. माझी थोरली वहिनी लग्न होऊन आली आणि वर्षाच्या आत आमचे वडील गेले. मरेपर्यंत तिला पांढऱ्या पायाची म्हणाले. कुठल्याही कार्यात ती भिंतीला लागून उभी असायची. तुमच्या मुलीला आमच्या घरी येऊन अजून वर्ष झालेलं नाही. मी आजारी पडलो हे भावकीत फुटलं की पहिलं बोट तिच्या पायाकडं. म्हणून सगळे गपचूप इथं आलो. तुम्हाला कळवलं असतं तर तुम्ही गाडी घेऊन धावत आला असता आणि गावाला वास लागला असता. शिवांजलीला मी माझी शपथ घातली. पोरगी चांगली आहे. शपथ पाळते आणि माझ्यावर डोळे काढते.

पण तुम्हाला कळलंच. कुणी सांगितलं ते विचारत नाही.

जम्मूच्या मिलिटरी हॉस्पिटलात माझ्या शेजारच्या खाटेवर एक शिपाई होता, नाथाजी. जत भागातला, मेंढपाळाचा पोरगा. रोज रमी खेळायचा आणि रोज हरायचा. एकदा डॉक्टर दारात काहीतरी बोलून गेले. त्या दिवसापासून वॉर्डातले आम्ही सगळे त्याच्याशी हरायला लागलो. कुणी ठरवलं नव्हतं. पोरगं हुशार. पत्ते खाली ठेवले आणि म्हणालं, "नायकसाब, किती दिस ऱ्हायल्यात माजं?"

मी तुम्हाला खरं खेळा म्हणालो. तुम्ही खेळलात. असा हल्ला कुणी माझ्यावर केला नव्हता. राजा भर पटावर, तुमचा वजीर समोर, आणि मला बऱ्याच दिवसांनी झोप लागेना ती डावापायी, छातीपायी नव्हे. मग एकाएकी तुम्ही वजीर मागं नेता. लहान पोरालाही कळेल की ती खेळी नव्हे. माणूस जायला लागला की लोक त्याला जिंकू देतात.

डॉक्टर म्हणतात, सगळं ठीक होईल. तुमचा वजीर वेगळं सांगतो. माझा विश्वास वजिरावर आहे. माझ्यापासून लपवलेलं त्यांनी तुम्हाला सांगितलं असणार.

तेव्हा ऑपरेशनच्या कागदावर सही करणार नाही. उरलेत ते दिवस आपल्या घरी काढीन. फाडून घेऊन मरायचं कशाला? मंडळी समजावतात, धैर्यशील पाया पडतो. ऐकणार नाही.

भेटायला येऊ नये. दया करणारी माणसं मला बघवत नाहीत.

नानासो

*

विश्रामबाग, सांगली,
३० ऑक्टोबर २०२५

सुभेदारसाहेब,

हे पत्र टपालानं आलेलं नाही. तुम्ही येऊ नका म्हणालात, म्हणून वर आलो नाही. खाली औषधाच्या दुकानाशेजारी बाकावर बसून लिहितोय. शिवांजली घेऊन येईल. ती समोर उभी आहे आणि मला लवकर लिहा म्हणतेय.

तुमचं पत्र आज सकाळी मिळालं. वाचलं आणि आधी रडलो. पोरगी धड आहे म्हणून रडलो, खोटं कशाला सांगू. मग पुढचं वाचलं आणि तशीच गाडी काढली. एका भीतीतून उठलो आणि दुसरीत पडलो.

साहेब, मला काहीच माहीत नव्हतं. कुणीही काही सांगितलं नव्हतं. माझी तेवीस तारखेची चिठ्ठी तुमच्या बंद दाराच्या फटीतून आत पडलेली असेल. ती वाचा म्हणजे पटेल. मला वाटलं, मी तुम्हाला शह दिला, तुमचा अपमान झाला, म्हणून दिवाळसण मोडला. मला वाटलं, तुमच्या घरात माझ्या पोरीला मारतात. तुमच्याबद्दल असं वाटलं! पाडव्याला मी याच दवाखान्याच्या याच खिडकीवर उभा होतो. मघाशी खिडकीतल्या बाईनं मला ओळखलं. म्हणाली, "काका, त्या दिवशीचे ना तुम्ही? पाणी देऊ?" मी तिला शिवांजलीचं नाव विचारत होतो. तुमचं विचारलं असतं तर तिनं मजला सांगितला असता.

तेव्हा नीट ऐका. वजीर मी दयेनं मागं घेतला नाही. तुमच्यासाठी घाबरलो नव्हतो, तुम्हाला घाबरलो होतो. माझ्यासारख्या पोरीच्या बापाला अवघड जागी एकच खेळी सुचते, मागं सरायची. तुमच्या नाथाजीच्या वॉर्डात सगळ्यांना माहीत होतं. इथं मला एकट्यालाच काही माहीत नव्हतं. माझ्या खेळीवरून डॉक्टरांचं मन वाचू नका, साहेब. ती आंधळ्याची खेळी होती.

शिवांजलीला आत्ता विचारलं, "डॉक्टर खरं काय म्हणाले?"

"तेच जे आबांना सांगितलं. केलं तर बरे होतील. न्हाई केलं तर..."

"तर?"

"बाबा, लिवा तुमी. लवकर लिवा."

तिचा आवाज मी ओळखतो. त्यात झाकलेलं काही नव्हतं. नुसती भीती होती, आणि ती तुमच्यासाठी होती.

पेटीत पडलेली खेळी परत नाही, हा तुमचा नियम. पण ती खेळी माझी नव्हती, माझ्या भीतीची होती. तुम्ही परवानगी द्या, नाही तर देऊ नका, माझी खरी खेळी ही : वजीर तिथंच, तुमच्या राजासमोर. आणि माझा दुसरा घोडा घरातून बाहेर, वजिराकडच्या उंटापुढं. आता बघा पट. तुमचा मधला घोडा तुमच्या राजाच्या आणि माझ्या उंटाच्या मध्ये बांधला गेलाय, त्याला हलता येत नाही. त्याच्यावर माझा उंट, माझा वजीर आणि आता माझा घोडा. तुमच्याकडून राखायला वजीर आणि तो उघड्यावरचा राजा, दोघंच.

मी तुम्हाला मारायला आलोय, सुभेदारसाहेब. दया करायची असती तर कराडहून आलो नसतो. आपला माणूस टाकून मागं फिरत नाही म्हणालात ना? मग सही करा आणि घोडा वाचवून दाखवा.

मी इथं बाकावरच आहे.

जोतीराम

*

वरच्या मजल्यावरून,
३० ऑक्टोबर, संध्याकाळ

जोतीरामराव,

माझ्या घरात तुमच्या पोरीवर हात पडतो, असं तुम्हाला वाटलं. हे वाचून इतका राग आला की नर्स यंत्राकडं बघत पळत आली. बरा झालो की याचं उत्तर वेगळं देईन.

पंधरा ऑक्टोबरचं कार्ड मला मिळालेलं नाही. सूनबाईंनी आत्ता ते माझ्यासमोर फाडलं, त्यामुळं यापुढंही मिळणार नाही. तेव्हा तुमचा वजीर हलला नाही असं मी धरतो. तुमची खेळी घोड्याची.

आता माझी. माझा दुसरा घोडा उडी मारून तुमच्या बाजूला येतो. तिथून तो मधल्या घोड्याला राखतो आणि तुमच्या वजिराकडच्या उंटापुढच्या प्याद्यावर डोळा ठेवतो. ते खाल्लं की एका पायाखाली तुमचा राजा, दुसऱ्याखाली कोपऱ्यातला हत्ती. राखायला आलो नाही, मारायला आलोय.

सही केली.

एक लिहितो, पुन्हा लिहिणार नाही. भीती वाटते. सीमेवरही वाटली होती, पण तेव्हा मी उभा होतो आणि हातात काहीतरी होतं. इथं उताणं झोपायचं आणि छाती परक्याच्या हातात द्यायची. धैर्यशीलला हे सांगता येत नाही. रंगुबाईला तर नाहीच. तुम्ही लांबचेही नाही आणि जवळचेही नाही, म्हणून तुम्हाला.

वर या. बाकावर डास असतील.

नानासो

*

सांगली,
३ नोव्हेंबर २०२५

साहेब,

तुम्हाला आत नेलं. आम्ही सगळे बाहेर. हे पत्र तुमच्या उशाला ठेवायला शिवांजलीकडं देणार आहे.

आज माझे कान माझे वैरी झालेत. दार उघडलं की वाटतं आपल्यालाच हाक मारतात. एका ढकलगाडीचं चाक कुरकुरतं, ते लांबून आलं की मी उठून उभा राहतो. मघाशी आतून कुणीतरी जोरात काहीतरी म्हणालं. शब्द कळला नाही, आणि मला शब्द कळला नाही असं होत नाही. मी विहीणबाईंकडं बघितलं. त्या माळ ओढत होत्या, हात थांबला होता. नंतर कळलं, कुणीतरी चहा सांगत होतं.

मंगल अनारशाचा डबा घेऊन आलीय. तो अजून कुणी उघडला नाही. तिनं विहीणबाईंचा हात धरलाय. मांडवातसुद्धा या दोघी इतक्या जवळ बसल्या नव्हत्या.

मी पट मांडीवर घेऊन बसलो. तुमची खेळी खरंच वाईट आहे, म्हणजे माझ्यासाठी. पहिल्यांदा कळेना काय करावं. मग एक दिसलं आणि दिसल्यावर भीती वाटली. माणूस छातीला टाके घेऊन उठणार, त्याच्या हातात हे द्यायचं?

विहीणबाई म्हणाल्या, "इवायबुवा, त्यास्नी जिकू द्या की एकदा."

"दिलं होतं, वहिनी. त्यानंच तर सगळा घोळ झाला."

शिवांजलीला विचारलं, "मारू का गं?"

ती दाराकडं बघत होती. तिकडंच बघत म्हणाली, "बाबा, परत वजीर मागं घेतलात तर मी माहेराला यायची न्हाई."

तर घ्या. वजिराकडच्या कोपऱ्यातलं, हत्तीपुढचं प्यादं, एक घर पुढं. एवढीशी खेळी. तुमच्या आत आलेल्या घोड्याला ते हाकलतंय. घोड्यानं प्यादं खाऊन शह दिलात तर माझा राजा शेजारच्या घरात सरकेल आणि मग कोपऱ्यातला हत्ती तुमच्या घोड्यासमोर मोकळा. खायचा असेल तर खा. पण तो हत्ती खायला तुमचा घोडा पटाच्या कोपऱ्यात गेला की मधल्या घोड्याचा राखणदार गेला, आणि तुमचा राजा तिथंच उघड्यावर. एक घोडा आधीच दिलाय, आता हत्तीही देतोय. याहून जास्त माझ्याकडं द्यायला काही नाही.

जावईबापू उठलेत. दारातला डॉक्टर तोंडावरची पट्टी खाली करतोय. मला इथून त्याचा चेहरा नीट दिसत नाही. ऐकतोय.

जोतीराम

*

सांगली,
७ नोव्हेंबर २०२५

जोतीरामराव,

अक्षर सूनबाईंचं आहे. हत्ती मी खाल्ला.

नानासो